शेवटचा फर्मा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बांधणीचं काम करणाऱ्या मावशींना माणसं आवडत नसत, आणि ती नावडती झाली होती पुस्तकांमुळे. चारचौघांत माणूस भांग पाडून, रुमाल घडी करून येतो. तोच माणूस एकटा पुस्तक घेऊन बसला की काय काय करतो, हे मावशींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं त्यांच्या टेबलावर येत होती आणि त्यांतून केस, नखांचे तुकडे, दातांतून काढलेलं काहीबाही, रक्तासकट चिरडलेले डास निघत होते. एका प्रवासवर्णनात तर खूण म्हणून जखमेवरची पट्टी ठेवलेली सापडली. वापरलेली. त्या दिवशी मावशींनी जेवणाचा डबा न उघडता घरी नेला.

"शी!" हा त्यांचा दिवसाचा पहिला शब्द असे आणि बहुतेक वेळा शेवटचाही. नाकाला पदर आणि हातात चिमटा घेऊन त्या आधी पुस्तक झटकत, पुसत, मग कामाला हात घालत. काम मात्र देखणं. जुनी शिवण उसवायची, फर्मे सुटे करायचे, फाटलेल्या कडांना पातळ कागद लावायचा, पुन्हा शिवायचं, खळ लावून दाबाखाली ठेवायचं, कडा कापायच्या. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा दहा-अकरा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं. ग्रंथपालसाहेब पाहुण्यांना घेऊन मागच्या खोलीत आले की ठरलेलं वाक्य बोलत, "या आमच्या मावशी. सव्वीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे नाही." मावशी मान वर न करता टाके घालत राहत, पण ते वाक्य कानावर पडलं की त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटे. मूलबाळ नाही, नवरा शिंपी, घर दोन खोल्यांचं आणि त्यातल्या एकीत शिलाईचं मशीन. जगाला दाखवण्यासारखं त्यांच्यापाशी तेवढं एक वाक्यच होतं.

पुस्तक कोण कुठवर वाचतं, हेही त्यांना कळे. पहिली वीस पानं बोटांनी काळवंडलेली, पुढची पांढरीशुभ्र, आणि एकदम शेवटच्या पानावर पुन्हा बोटं. बहुतेक पुस्तकांची हीच गत. लोक सुरुवात चाखतात, शेवट हुंगतात आणि मग गावभर मत देत सुटतात, असं मावशींचं मत होतं.

आणि मतं त्यांना दर गुरुवारी ऐकावीच लागत. शेजारच्या दालनात संध्याकाळी पाच वाजता ‘सध्या काय वाचताय’ नावाचा गट भरे, आणि मध्ये भिंत होती नुसत्या प्लायवुडची. गट काढला होता तरुण मुलांसाठी. कुणीतरी किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्यांची पेटी देणगी दिली होती. मुलांनी त्या वाचाव्यात, आपसांत बोलावं, अशी साहेबांची हौस. मुलं दोनदा आली, बिस्किटं संपवून गेली ती गेलीच. मग गट बंद पडू नये म्हणून मोठी माणसं येऊन बसू लागली. त्यांच्या पुढारीण म्हणजे दातांच्या डॉक्टरांची बायको, जिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांच्या उजव्या हाताला शाळा तपासून निवृत्त झालेले तपासनीस. बाकी सात-आठ जण मान डोलावायला. पन्नाशी उलटलेली ही मंडळी पंधरा वर्षांच्या पोरीच्या मनातलं सांगताना असा काही लाडिक आवाज काढत, की इकडे मावशींना खळ ढवळता ढवळता मळमळायला लागे.

नियम असा होता, की पुस्तक हातात धरून दोन मिनिटं बोलायचं. पूर्ण वाचलेलं असायला हवं असं नाही, ‘सध्या’ वाचताय एवढं पुरे. या ‘सध्या’चा मावशींना वीट आला होता. डॉक्टरीणबाई एकच पुस्तक चार-चार महिने सध्या वाचत आणि दर गुरुवारी त्यावर नवीन मत देत. वर मतांची एक वही ठेवलेली. तिच्यात सुवाच्य अक्षरात ‘अंतर्मुख करणारी’, ‘शेवट डोळ्यांत पाणी आणतो’ असं लिहून खाली सही.

तरी या सगळ्यांपेक्षा मावशींना जास्त किळस होती ती एकाच वाचकाची. तो होता कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. साठीचा, हाडकुळा, बोलायला कमी. दुपारी त्याच्या दुकानाचा पत्रा तापून आत थांबणं अशक्य होई, तेव्हा तो वाचनालयात येऊन बसे. गुरुवारी गटातही मागच्या खुर्चीवर असे, तोंड न उघडता. दोन इयत्ता शिकलेला, त्यामुळे मोठ्या टायपातल्या या कादंबऱ्याच त्याला जमत. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचे. इथवर ठीक होतं. पण इस्त्री तापली का हे बघायला बोट जिभेला लावून लोखंडावर टेकवायची चाळीस वर्षांची सवय. ती पुस्तकावरही चाले. पान उलटायचं, की अंगठा जिभेला. प्रत्येक पानाला. न चुकता. त्याने वाचलेल्या पुस्तकाचा प्रत्येक उजवा कोपरा तपकिरी, फुगलेला, आणि नाक जवळ नेलं तर वासही येई. मावशींनी त्याचं नाव थुंकीकाका ठेवलं होतं. त्याचं सभासदत्व रद्द करा, असे दोन लेखी अर्ज त्यांनी साहेबांना दिले होते. साहेब "बघू" म्हणून अर्ज फायलीत घालत.

आणि एका गुरुवारी हा थुंकीकाका बोलला.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी एक कादंबरी हातात घेतली होती. गोष्ट एका पोरीची, तिच्याच तोंडून सांगितलेली. मोठी बहीण घर सोडून गेली आहे, घरात तिचं नाव काढायचं नाही असा दंडक आहे, आणि ही पोर चोरून तिचा पत्ता शोधत शोधत शेवटी तिच्या दाराशी पोचते. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "आणि शेवटी ती दार ठोठावते आणि एकदम पाण्यात झेप घेते! दार म्हणजे बंधन आणि पाणी म्हणजे मुक्ती. काय शेवट आहे! मी तर सुन्न झाले."

"बाई," मागून आवाज आला, "पण ते दार उघडलं का?"

सगळे वळून बघायला लागले. इस्त्रीवाला उभा राहिला होता.

"मीही वाचलंय ते. दोनदा. एकशे साठ पानापर्यंत ती दारात उभी आहे. एकशे एकसष्टला एकदम पोहायच्या तलावावर. तिथं शिट्टीवाला मास्तर आहे, शर्यत आहे, तिचा भाऊ टाळ्या वाजवतोय. हिला भाऊ कुठून आला? आणि बहीण गेली कुठं? काहीतरी गडबड आहे. पानं हललीत यातली."

"अहो, त्याला प्रतीक म्हणतात," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, आणि बाकीचेही हसले.

"असेल. पण दार उघडलं का?"

आता तपासनीस पुढे झाले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चाळलं, आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून साहेबांना बोलावलं. "बघा ही पुस्तकाची दशा! पानं हलली म्हणे. यांनीच फाडली असतील, आणि आता वाचनालयावर ढकलताहेत."

पुस्तकाची दशा बघून साहेबांना मावशींचे दोन अर्ज आठवले. ते म्हणाले, "मावशींकडून तपासून घेतो. पानं फाडलेली निघाली, तर पुढच्या गुरुवारी यांचं कार्ड बंद."

"कार्ड घ्या हवं तर," इस्त्रीवाला म्हणाला. "पण कुणीतरी मला त्या दाराचं सांगा."

भिंतीपलीकडे मावशींनी सुई खाली ठेवली. त्यांना इतका आनंद झाला होता, की हातातला दोरा दोनदा गुंतला. एवढी वर्षं कुणी मनावर घेतलं नव्हतं, ते आपोआप होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रबरी मोजे चढवून त्यांनी पुस्तक उघडलं. आपला टाका त्यांनी लगेच ओळखला; सहा वर्षांपूर्वी हे त्यांनीच बांधलं होतं. एकशे साठनंतर एकशे एकसष्ट, पान जागच्या जागी, फाडल्याची खूण कुठे नाही. ‘पाने पूर्ण, क्रम बरोबर’ असं लिहून सही केली की झालं. पण मग माणूस फाडत नव्हता म्हणजे खोटं बोलत होता, आणि खोटं कशाला बोलेल, असा एक किडा डोक्यात वळवळला. म्हणून मावशींनी कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी एकशे साठावं पान वाचलं. मग एकशे एकसष्टावं.

त्या उठल्या आणि कपाटातून त्याच प्रकाशकाची, त्याच आकाराची, त्याच पेटीतली दुसरी कादंबरी घेऊन आल्या. ती पोहणाऱ्या पोरीची होती, आणि तीही ‘मी, मी’ करत सांगितलेली. तिच्या एकशे साठाव्या पानावर पोरगी तलावाच्या काठावर उभी होती आणि भाऊ म्हणत होता, घाबरू नकोस. एकशे एकसष्टावर आतून कडी वाजत होती.

दोन्ही पुस्तकांना एकशे शहात्तर पानं. दोन्हीत एकशे साठाव्या पानावर प्रकरण संपलेलं. प्रकाशक इतका कंजूष, की पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव नाही आणि फर्म्याच्या तळाशी खूण नाही. तरी सबब ती सबबच. मावशींना तो दिवस स्वच्छ आठवला. दोन्ही पुस्तकं एकदमच खिळखिळी होऊन आली होती आणि एकातून चपटी झालेली, वाळलेली पाल निघाली होती. शेपटीसकट. मावशींनी दोन्ही पुस्तकं लांब हात करून, तोंड फिरवून, जवळजवळ डोळे मिटूनच शिवून टाकली होती. शेवटचे फर्मे अदलाबदल झाले ते तेव्हा. किळस एवढी, की आपण काय शिवतो हेही पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी कडा तपासल्या. कटिंग मशीनमधून निघालेल्या पुस्तकाच्या कडा किंचित चिकटलेल्या असतात; पहिला वाचणारा त्या सोडवतो. पोहणाऱ्या पोरीच्या पुस्तकात शेवटच्या फर्म्याची पानं अजून चिकटलेलीच होती. सहा वर्षांत चाळीस तारखांचे शिक्के, आणि तो फर्मा एकानेही उघडलेला नाही! मतांच्या वहीत याच पुस्तकापुढे डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, ‘शेवट डोळ्यांत पाणी आणतो.’ दुसऱ्या पुस्तकात शेवटच्या पानावर बऱ्याच जणांची बोटं होती. मधल्या पानांवर एकट्याचीच. एकशे एकसष्टपासून एकशे पंच्याहत्तरपर्यंत प्रत्येक कोपरा तपकिरी, फुगलेला, दोनदा ओला होऊन वाळलेला.

मावशींनी मोजे काढून ठेवले. जगातला सगळ्यात घाणेरडा वाचक हाच एक खरा वाचक निघाला होता, आणि याचा त्यांना आनंद तर सोडाच, संताप आला. डॉक्टरीणबाईंचा आला, तपासनिसांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

घरी नवऱ्याने मशीन न थांबवता सगळं ऐकून घेतलं. "अगं, मी एकदा एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. गिऱ्हाईक वर्षभर घालून फिरलं. कुणाला कळलं नाही, त्यालाही नाही. तू गुपचूप दोन्ही पुस्तकं उसव आणि नीट शिवून टाक."

"अहो, पण त्या माणसाचं कार्ड जाईल."

"तुलाच तर घालवायचं होतं ना ते?"

"थुंकीसाठी घालवायचं होतं. पानं फाडली म्हणून नव्हे."

"मग सांग खरं. पण तुझं ते वाक्य जाईल हं."

नवऱ्याला हे वाक्य ठाऊक आहे, हे मावशींना माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पुढचे पाच दिवस त्या अन्नावरून उठत होत्या. दोन्ही पुस्तकं टेबलावर तशीच पडून होती. गुपचूप शिवायचं म्हटलं, की हात पुढे होईना; सांगायचं म्हटलं, की साहेबांचा पाहुण्यांपुढचा आवाज कानात येई.

गुरुवारी पाच वाजता मावशी पहिल्यांदाच भिंतीच्या पलीकडे गेल्या. हाताला खळ तशीच होती, काखेत ती दोन्ही पुस्तकं. साहेब इस्त्रीवाल्याचं कार्ड हातात घेऊन उभे होते, आणि इस्त्रीवाला मागच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून.

"पानं कुणी फाडली नाहीत," मावशी म्हणाल्या. "चूक माझी आहे. या पुस्तकाचा शेवटचा फर्मा त्या पुस्तकात गेलाय आणि त्याचा यात आलाय. सहा वर्षं झाली. एवढ्या जणांनी नेलं, एवढ्यांनी मतं लिहिली, कळलं ते एकट्या यांना."

मावशींना वाटलं, आता तरी कुणी लाजेल. पण डॉक्टरीणबाई दोन-तीन श्वासांत सावरल्या. "मावशी, खरं सांगू? ही चूक किती सुंदर आहे! म्हणजे नकळत तुम्ही दोन जीवनं जोडलीत." तपासनिसांनी लगेच पुस्ती जोडली, की मूळ शेवट काही असो, हाच अधिक आधुनिक वाटतो. एक बाई म्हणाल्या, की त्यांना वाचतानाच काहीतरी वेगळं जाणवलं होतं. बघता बघता मावशींच्या चुकीवर दोन-दोन मिनिटं मतं सुरू झाली, आणि कुणीतरी वही उघडून लिहूनही घेऊ लागलं.

मावशींना शिसारी आली. वाळलेली पाल यापेक्षा बरी होती, तिने निदान मत दिलं नव्हतं.

साहेबांचा चेहरा पडला होता. "मावशी, मग तुम्ही बांधलेली सगळीच पुस्तकं आता तपासावी लागतील."

"तपासा. पण शेवटपर्यंत वाचूनच तपासावी लागतील, तेवढं बघा. अशी माणसं तुमच्याकडे किती आहेत ते तुम्हीच मोजा." मग त्यांनी इस्त्रीवाल्याच्या कार्डाकडे हात केला. "ते देऊन टाका त्यांचं. आणि माझे ते दोन अर्ज फायलीत तसेच राहू देत. थुंकी ती थुंकीच."

इस्त्रीवाल्याने कार्ड घेतलं, खिशात टाकलं, बघितलंसुद्धा नाही. "बाई, दुसरं पुस्तक आणलंय का?"

मावशींनी ते त्याच्या हातात दिलं. त्याने एकशे एकसष्टावं पान काढलं. अंगठा जिभेला लावला. ते कोरं, पांढरं, सहा वर्षं कुणी बोट न लावलेलं पान. त्याच्या कोपऱ्यावर तो अंगठा टेकला आणि कोपरा ओला झाला. मावशींच्या अंगावर काटा आला. ओठांवर आलेलं ‘शी!’ त्यांनी गिळलं आणि त्या मागच्या खोलीत निघून गेल्या.

गट संपला, खुर्च्या सरकल्या, डॉक्टरीणबाईंच्या चपला दूर गेल्या. मावशींनी खळीचं भांडं धुतलं, सुया डबीत घातल्या, तरी पलीकडून पान उलटल्याचा आवाज येतच होता. सोळा पानांना त्याला पाऊण तास लागला. मग तो दारात आला आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. डोळे लाल झाले होते.

"उघडलं," तो म्हणाला.

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. मग राहवलं नाही. "कुणी उघडलं? बहिणीनेच का? मग काय म्हणाली ती?"

इस्त्रीवाल्याला काही कळेना. "म्हणजे? तुम्ही वाचलं नाहीत?"

मावशी सुयांची डबी उघडून पुन्हा मिटू लागल्या.

"सव्वीस वर्षं शिवताय ना हो ही? यातलं एकही?"

त्याने टोमणा मारला असता, तर मावशींनी त्याला तिथंच झाडला असता. पण तो टोमणा नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि ते वाईट वाटणं त्यांना त्याच्या थुंकीपेक्षा असह्य झालं. आपण जन्मभर दुसऱ्यांची बोटं मोजत बसलो, त्यांच्या न वाचण्यावर नाक मुरडत बसलो, आणि आपल्या बोटांचा डाग मात्र कुठल्याच पुस्तकावर नाही, हे त्यांना त्या एका क्षणात कळलं. त्यांना स्वतःचीच किळस आली. ती झटकून टाकायला चिमटा नव्हता.

"मी सांगणार नाही," इस्त्रीवाला म्हणाला. "सांगितलं तर मजा जाईल. येतो."

तो गेला. मावशींनी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि बहिणीला शोधणाऱ्या पोरीचं पुस्तक उघडलं, एकशे साठावर नाही, पहिल्याच पानावर. तिथंही कोपऱ्यावर त्याचा तपकिरी डाग होता. त्यांनी मोज्यांकडे एकदा पाहिलं. मग उघड्या बोटांनी तोच कोपरा धरून पान उलटलं.